किरकोळ खर्च

भिवंडीत कापडाच्या पेढीवर वह्या लिहिणाऱ्याला मेहता म्हणतात, मग त्याचं आडनाव पाटील असो की अन्सारी. मीही असाच एक मेहता. ग्रे कापडाचे ताके, सायजिंगची बिलं, कारागिरांचा पंधरवड्याचा पगार यांतच उभा जन्म गेला. पेढी सुटली की तालुक्याच्या आतल्या भागातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याचे हिशेबही मीच लिहायचो. आमचे शेठ त्याचे विश्वस्त होते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे सवय लागली, आणि खरं सांगायचं तर पेढीच्या वहीपेक्षा ती वही जास्त रंगायची.

जमेच्या बाजूला भारी नावं असत. इमारत निधी. यंत्रसामग्री निधी. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ एक खाट. नावे बाजूला रॉकेल, फिनेल, धोब्याचं बिल, जनरेटरचं डिझेल, रात्रपाळीच्या आयाचा पगार, गाडीचा पंक्चर काढल्याचे पैसे. या दोन बाजूंची एकमेकींशी ओळखच नव्हती. टायरसाठी म्हणून कुणी देणगी दिल्याची नोंद मी कधी केली नाही. ते सगळं ‘किरकोळ’मध्ये जायचं, आणि वर्षाअखेरीस किरकोळचीच बेरीज सगळ्यांत मोठी निघायची. एका दानशूर कुटुंबानं एक्स-रेचं यंत्र दिलं, फीत कापली, फोटो निघाले. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कुणीच केली नव्हती. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून पेढीवरच्या ग्रे कापडाची खोळ शिवून घातली. ती खोळही मी किरकोळमध्येच टाकली.

तेव्हापासून कुठल्याही धर्मादाय दवाखान्याची गोष्ट कुणी सांगू लागलं की मी एकच विचारतो: बांधला कुणी ते कळलं, चालवला कुणाच्या पैशावर? खेड्यातला दवाखाना आणि लांबचा दाता यांच्या भागीदारीचा आपल्याकडचा इतिहास या प्रश्नाच्या अंगानं लावला, तर ओळखीची नावंही जरा वेगळी दिसतात.

व्यापाऱ्याला रोजच्या खर्चाची अक्कल नव्हती असं नाही. बिलाच्या तळाशी, दलाली आणि हमालीच्या खाली, ‘धर्मादा’ म्हणून एक रक्कम लागायची. मुंबईच्या कापूस बाजारात ती गाठीमागे ठरलेली असे. पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून यायचे आणि पुण्य पेढीच्या नावावर चढायचं, हा भाग सोडा. पण ती रक्कम दर सौद्याला यायची. पांजरपोळातल्या गाईला रोज चारा लागतो हे शेठ लोकांना पक्कं ठाऊक होतं. माणसांच्या दवाखान्याला मात्र एकदाच घसघशीत द्यायची रीत पडली. जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये देऊ केले, कंपनी सरकारनं तेवढेच घातले आणि १८४५ साली भायखळ्याला जे. जे. रुग्णालय उघडलं. शेठनं उभं करायचं आणि सरकारनं चालवायचं, हा कित्ता तिथून पुढे सगळ्यांनी गिरवला. शहरात तो चाललाही, कारण शहरात सरकार हजर होतं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या वेळी, १९२५-२६ साली, एक शहाणपणाची गोष्ट घडली. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय कॉलेजासाठी पैसे देताना अट घातली की तिथे शिकवायला हिंदी डॉक्टरच नेमायचे. आत कोण काम करणार, हे देणारा विचारत होता. असा प्रश्न विचारणारे देणगीदार माझ्या वाट्याला फार आले नाहीत.

शहर सोडून आमच्या तालुक्यात शिरलं की हा कित्ता फाटतो.

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. ते शहापूर तालुक्यात, पण त्याचे अगडबंब नळ आमच्या तालुक्यातून मुंबईकडे जातात. नळाच्या कडेनं सायकली मारत आम्ही लहानाचे मोठे झालो. आतून पाणी धो धो जातंय आणि शेजारच्या पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरताहेत, हे दृश्य आम्हाला इतकं नेहमीचं होतं की त्यात काही वावगं आहे हे बाहेरच्या माणसानं सांगितल्यावर कळलं. पाणीच काय, गवत, विटा, भात आणि हातांना काम नसलेली माणसं, सगळं या खोऱ्यातून मुंबईकडे आणि भिवंडीकडे गेलं. डॉक्टर उलट दिशेनं यायला फार वेळ लागला.

तोवर लोक काय करत होते? खरूज, गजकर्ण, संधिवात असला की वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. ताप चढला की भगत, बाळंतपणाला सुईण, हाड मोडलं की झाडपाला आणि बांबूच्या कामट्या. वज्रेश्वरीला चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला, १७३९ मध्ये वसई पडली आणि देवीचं देऊळ उभं राहिलं, ही कथा आमच्याकडे पोरालाही पाठ असते. देवीमुळे यात्रा आली, यात्रेमुळे धर्मशाळा आल्या. कुंडात उतरून अंगाची खाज थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, गंधकाचा गुण असणार. क्षय मात्र कुंडानं बरा होत नाही, आणि भिवंडीच्या मागांवर राबणाऱ्या माणसाच्या छातीत क्षय कायम वस्तीला असतो. कोंदट खोली, बारा तासांची पाळी, रुईची भुकटी, आणि एकाच पथारीवर दिवसपाळी उठली की रात्रपाळी झोपणार.

सरकारी व्यवस्था आली ती भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालाचं बोट धरून. पुढे प्रमाण ठरलं: तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात वीस हजाराला एक, आणि त्यावर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. आमच्या तालुक्यात वज्रेश्वरी, दाभाड, चिंबीपाडा, पडघा अशी केंद्रं झाली. त्यांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही, लसीकरण आणि बाळंतपणं त्यांनीच सावरली. पण कागदावरचं माणूस जागेवर बसलेलं असतं आणि आमचं बसत नाही. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडाला परततं. मुलाचं नाव पाड्याच्या नोंदवहीत, मूल भट्टीवर तिसऱ्याच तालुक्यात. डोस चुकला की दोन्हीकडच्या नर्स एकमेकींकडे बोट दाखवणार, आणि दोघींचंही खरं.

या खोऱ्यात बाहेरचा पैसा शिरला तो गणेशपुरीच्या वाटेनं. भगवान नित्यानंद १९३० च्या दशकात इथे आले तेव्हा आजूबाजूला जंगल होतं. ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी देह ठेवला तोवर गाव वसलं होतं. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी १९५६ पासून गावदेवीजवळ आश्रम उभा केला. सत्तरच्या दशकात त्यांचे परदेश दौरे झाले आणि अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातली माणसं आमच्या एसटीत दिसू लागली. साडी नेसलेली गोरी बाई अंबाडीच्या नाक्यावर भाव करतेय, याचं नवल आम्हाला लवकरच वाटेनासं झालं. मी त्या पंथाचा नाही. आश्रमाच्या भिंतीआडच्या गोष्टींवर मत द्यायचा मला अधिकार नाही. भिंतीबाहेर जे आलं त्याबद्दल बोलतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आश्रमानं फिरता दवाखाना सुरू केला. श्री मुक्तानंद फिरतं रुग्णालय. गाडीत डॉक्टर, परिचारिका, औषधं, आणि गाडी खोऱ्यातल्या पाड्यांवर जाणार. मुलांना दूधही मिळू लागलं. १९९२ मध्ये मुक्तानंदांच्या गादीवर आलेल्या गुरुमाई चिद्विलासानंद यांनी ‘प्रसाद’ ही संस्था स्थापन केली. तिची मुख्य कचेरी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हर्लीव्हिल या लहानशा गावी, आणि इथलं काम बघायला ‘प्रसाद चिकित्सा’. पुढे नेत्रशिबिरं, क्षयाचे उपचार, एचआयव्ही बाधितांची काळजी, बचत गट, पाणलोटाची कामं अशी यादी वाढत गेली. हीच संस्था मेक्सिकोत मोतीबिंदूची शिबिरं घेते आणि अमेरिकेतल्या सलिव्हन काउंटीत शाळकरी मुलांचे दात तपासते. अमेरिकेतही खेडी आहेत आणि तिथल्या पोरांच्या दातांकडे बघायला धर्मादाय संस्था लागते, हे ऐकून आमच्या शेठनी दोनदा खात्री करून घेतली होती.

मला यात मेहताच्या नजरेनं दिसलं ते असं. गाडी ही नखशिखांत किरकोळ असते. ड्रायव्हर, डिझेल, टायर, विमा, गोळ्या, सलाइन, डॉक्टरचा पगार, दुपारचा डबा. कोनशिला लावायला भिंतच नाही. इमारत बांधून देणारा हात झटकून मोकळा होऊ शकतो. गाडी द्यायची म्हणजे पुढचे सगळे सोमवार आणि मंगळवार पत्करायचे. पाच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं भंगार होतं, पण पाच वर्षं बंद असलेल्या दवाखान्याचं निदान कार्यालय तरी होतं. फिरत्या रुग्णालयाची कल्पना ज्यांना सुचली त्यांनी नकळत किंवा जाणून, सगळ्यांत कठीण खातं अंगावर घेतलं. ते निभलं याचं कारण मला भक्तांच्या देण्याच्या पद्धतीत दिसतं. देवळात माणूस दर गुरुवारी जातो आणि दर गुरुवारी काहीतरी ठेवतो. जुन्या धर्मादासारखा हा पैसा बारीक, पण ठरल्या वेळी येणारा. आमच्या दवाखान्याला असे गुरुवार नव्हते. आम्हाला फक्त वर्धापनदिन होता.

नेत्रशिबिरांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती मी जवळून पाहिली. जुन्या काळी मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर शाळेचे वर्ग रिकामे करायचे. बाकं बाहेर, आत ओळीनं गाद्या. मुंबईहून डॉक्टर यायचे. डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाकायचं ही तेव्हाची शस्त्रक्रिया. मग दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून डोकं हलू द्यायचं नाही, खोकायचं नाही, शौचालाही कुणीतरी धरून न्यायचं. माझी आत्या अशीच एका शिबिरात निजली होती. पट्टी सुटली, पुढे बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा मिळाला आणि तिला नातवंडं दिसली. भिंग डोळ्यातून गेलेलं, त्यामुळे ती जाड काच हेच तिचं भिंग. काच फुटली की माणूस पुन्हा आंधळा. आत्याचा चष्मा शेळीनं पाडला. शस्त्रक्रियेसाठी शिबिर होतं, डॉक्टर होते, हारतुरे होते, दुसऱ्या चष्म्यासाठी काही नव्हतं. भिवंडीला आणून, माप काढून, चष्मा होईपर्यंत तिनं तांदळातले खडे हातानं चाचपून काढले. तो खर्चही किरकोळच.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची पद्धत आली आणि हे चित्र बदललं. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला. शाळेतल्या शस्त्रक्रिया मागे पडल्या, गावात फक्त तपासणी आणि मग रोग्याला गाडीत घालून कायमच्या शस्त्रक्रियागृहात नेणं सुरू झालं. जंतुसंसर्ग कमी झाला, निकाल सुधारले. खर्च मात्र शस्त्रक्रियेवरून प्रवासावर सरकला. म्हातारीला न्यायला गाडी, सोबत आलेल्या सुनेचा बुडालेला रोज, परत तपासायला यायचं भाडं. गणेशपुरीच्या ‘नेत्रप्रकाश’ शिबिरांना ही सोबतची माणसं सांभाळणारे हात आयते मिळाले, सेवेला आलेल्या भक्तांचे. इतरांनी ते कुठून आणायचे?

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मिरजेला शिकलेल्या. पगाराच्या दिवशी सही करताना त्या मिरजेच्या गोष्टी सांगायच्या. “मेहताजी, तिथे आधी फरशी पुसायला शिकवायचे, मग नाडी बघायला.” त्यांच्यामुळे मला विल्यम वॉन्लेस या माणसाचं वेड लागलं. त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि माझ्या प्रश्नाचं सगळ्यांत सरळ उत्तर मला भिवंडीत नव्हे, मिरजेच्या वहीत मिळालं.

वॉन्लेस जन्मानं कॅनडाचे, १८६५ सालचे. न्यूयॉर्कला डॉक्टर होऊन ते १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरज. जागा मिरज संस्थानानं दिली. इमारतीचा पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांपैकी. इंजिनवाल्याचा पैसा नेमका रेल्वेच्या जंक्शनच्या गावी यावा हा योगायोगच, पण फळला फार चांगला. १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं, आणि त्याच रुळांवरून कर्नाटकातून, निजामाच्या मुलखातून, कोकणातून रोगी मिरजेला येऊ लागले.

आता वही उघडू. इमारत कॉन्व्हर्स यांची. जमीन संस्थानची. वॉन्लेस आणि पुढे आलेल्या मिशनच्या डॉक्टरांचा पगार न्यूयॉर्कच्या मिशन बोर्डाकडून. म्हणजे परक्या दात्यानं नुसती वीट दिली नाही, माणूस दिला आणि त्याचा महिना दिला, तोही पिढ्यान् पिढ्या. उरला औषधपाणी, धोबी, दिवाबत्ती, इथल्या नोकरांचा पगार, म्हणजे किरकोळ. त्यासाठी वॉन्लेस फी घ्यायचे. संस्थानिक, इनामदार, सावकार शस्त्रक्रियेला आले की त्यांच्याकडून चांगली दणकून, आणि त्याच टेबलावर पुढच्या पाळीला आलेल्या कुणब्याला फुकट. मिशनमधल्या काही लोकांना धर्माच्या कामात फी बरी वाटणार नाही हे उघड आहे, पण वॉन्लेस यांनी हा रोजचा खर्च इथल्याच मुलखातून उभा केला. नुसत्या देणगीवर ते हॉस्पिटल एवढं वाढलं नसतं.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सर्वांत मोठी. एकोणिसावं शतक संपायच्या आतच मिरजेला इथल्या तरुणांना वैद्यकी आणि परिचर्या शिकवायला सुरुवात झाली. दात्यानं पाठवलेला माणूस एक दिवस परत जाणार, हे ते धरूनच चालले होते. वॉन्लेस स्वतः १९२८ मध्ये परत गेले, त्याच वर्षी सरकारनं त्यांना ‘सर’ केलं, आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात वारले. तोवर मिरजेला कुष्ठरोग्यांचं केंद्र झालं होतं, सांगली-मिरजेच्या मधे १९२० च्या सुमाराला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं होतं. त्या जागेला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात. १९६२ मध्ये मिरजेला मेडिकल कॉलेज निघालं. आज मिरजेत पावलोपावली हॉस्पिटल आहे. भिवंडीत जसा एकाचा माग बघून शेजाऱ्यानं माग घातला, तसं ते गाव वाढलं.

परदेशी पगार थांबल्यावर काय झालं, तेही लिहिलं पाहिजे. मिशनच्या डॉक्टरांची ये-जा आटली, आजूबाजूला खासगी हॉस्पिटलं उभी राहिली, पैसेवाला रोगी तिकडे वळला. पैसेवाला गेला की त्याच्या फीवर चालणारा गरिबाचा उपचारही अडचणीत येतो. गेल्या काही दशकांत त्या जुन्या रुग्णालयाचा आर्थिक संकटाचा काळ मिरजकरांनी वर्तमानपत्रांत वाचला आहे. नर्सबाई हे बोलताना आवाज चढवायच्या. मी म्हणायचो, बाई, शंभरावर वर्षं एक वही जमली, हे थोडं नाही.

हेमलकशाची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, म्हणून फक्त माझ्या कामापुरती सांगतो. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखाली रोगी तपासत. १९७५ मध्ये स्विसएड या स्वित्झर्लंडच्या संस्थेनं पैसे दिले आणि लहानसं रुग्णालय बांधलं गेलं. परदेशी मदतीचं बाबांच्या आनंदवनाला नवल नव्हतं, पन्नासच्या दशकातच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण तिथे घमेली वाहून गेले होते. पण स्विस पैशानं उभ्या राहिलेल्या त्या खोल्यांत राबणारी माणसं आनंदवनातून आली, कुष्ठरोगातून बरी झालेली, आणि त्यांनी बाजारभावानं पगार मागितला नाही. भूल द्यायला मंदाताई स्वतः. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की महिनोन् महिने हीच माणसं. माझ्या वहीत हे कुठल्या बाजूला लिहायचं हे मला कधी सुटलं नाही. न घेतलेला पगार ही देणगीच असते, पण तिची पावती फाडता येत नाही. स्विसएडचं नाव निदान पुस्तकांत आलं.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गेले तेव्हा गावानं त्यांना जनावरांचा जुना दवाखाना वापरायला दिला. बाहेरचा पैसा त्यांनीही घेतला, पण १९७२ च्या दुष्काळात तो विहिरी आणि अन्नाकडे वळवला, आणि पाड्या-वाड्यांवरच्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. खर्च कमी करायचा हा एक मार्ग. डॉक्टरांना पटवणं अवघड, मेहताला लगेच पटतो.

आता कायद्याकडे येतो. १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या एक्केचाळीस-ए-ए कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत टाकायची. मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांना वठणीवर आणायला हे बरं आहे. आमच्यासारख्याला, जिथे सगळेच रुग्ण निर्धन, दोन टक्के कशाचे काढायचे?

परदेशी पैशाचा कायदा पहिल्यांदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० मध्ये आणखी आवळला. परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे. एका संस्थेनं घेतलेली देणगी दुसरीला देता येणार नाही. प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर. डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, हिशेबनिसाचा धरतात. मी शेठना म्हटलं, आता मी कायद्यानंही किरकोळ झालो. आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या ट्रस्टमार्फत परदेशातली थोडी मदत यायची, ती दुसऱ्या नियमानं बंद झाली. गैरव्यवहार होत नव्हते असं मी म्हणणार नाही, वह्या पाहिलेला माणूस आहे. पण चाळणी लावली की आधी खाली पडतो तो बारीक दाणा.

त्याआधीच दुसरं दार किलकिलं झालं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. भिवंडीत तोवर मागांचा खडखडाट कमी होऊन मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामंच गोदामं उभी राहिली होती. कधी काळी धर्मादा लावणाऱ्या पेढ्या होत्या तिथे आता पत्र्याच्या अवाढव्य शेडा आणि आत मोठमोठ्या कंपन्यांचा माल. त्यातल्या एका कंपनीचे अधिकारी दवाखाना बघायला आले. तरुण होते, भले होते, वहीत लिहून घेत होते. तुम्हाला काय हवं, म्हणून त्यांनी विचारलं. विश्वस्त काही बोलायच्या आत नर्सबाई म्हणाल्या, “माझ्यानंतर येणाऱ्या मुलीचा तीन वर्षांचा पगार द्या. मी थकले आता.”

साहेब थोडे गडबडले. रुग्णवाहिका देऊ, सोनोग्राफीचं यंत्र देऊ, म्हणाले. रुग्णवाहिका १०८ ची येते, बाई म्हणाल्या. सोनोग्राफी कोण करणार, मी म्हणालो, आणि खोळ घातलेलं एक्स-रे यंत्र त्यांना दाखवलं. मग त्यांनी अगदी प्रामाणिकपणे अडचण सांगितली. वस्तूवर कंपनीचं नाव लिहिता येतं, अहवालात फोटो लावता येतो. पगारावर नाव कुठे लिहायचं?

त्या रात्री मी आणि त्यांचा लेखापाल फोनवर बसलो. तोही माझ्यासारखाच, जळगावकडचा, एका मोठ्या मेहताच्या हाताखाली शिकलेला. त्यानं सांगितलं, पगार म्हणून मागू नका, प्रकल्प म्हणून मागा. आम्ही ‘माता-बाल आरोग्य प्रकल्प, तानसा खोरे’ असं शीर्षक घातलं. मुलीचा पगार, तिच्या दुचाकीचं पेट्रोल, पाड्यांवरच्या वजनकाट्यांची दुरुस्ती, भट्टीवर गेलेल्या पोरांच्या लसींची नोंदवही आणि तिच्या झेरॉक्स, हे सगळं त्याखाली आलं. कंपनीच्या लेखापरीक्षकानं एकच शंका काढली, पेट्रोलच्या पावत्यांबद्दल. त्या मी जपून ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये पहिला हप्ता आला आणि शहापूरकडची एक एएनएम झालेली मुलगी कामावर रुजू झाली. वहीत तिचं खातं मी वेगळ्या पानावर काढलं.